जर्नलमधल्या सह्या आणि तयार हात

माझा दातांचा दवाखाना गोव्यात डिचोलीला आहे. बी.डी.एस. आणि इंटर्नशिप नुकतीच संपवलेला एखादा तरुण किंवा तरुणी काही महिने माझ्याबरोबर काम करायला येते, असे बरीच वर्षे चालू आहे. यांतले बहुतेक जण, माझ्यासारखेच, गोव्याबाहेर शिकून आलेले असतात. नव्या माणसाला मी पहिल्याच दिवशी विचारते, की मी दवाखान्यात नसताना कोणती कामे तू निर्धास्तपणे एकट्याने करशील? उत्तर जवळजवळ नेहमी आकड्यांत येते. इतक्या दाढा काढल्या, इतकी फिलिंग केली, इतक्या कवळ्या बसवल्या. मी विचारलेले असते एक आणि उत्तर मिळते दुसरेच, पण त्यात त्या मुलांचा दोष नाही. शिकत असताना त्यांना हाच हिशेब विचारला गेलेला असतो आणि तो जुळला की सही मिळालेली असते.

हा हिशेब म्हणजे कोटा. तिसऱ्या वर्षी विद्यार्थी फँटम हेडवरून, म्हणजे सरावाच्या कृत्रिम डोक्यावरून, खऱ्या रुग्णाकडे वळतो आणि प्रत्येक विभाग त्याला कामाची ठरावीक संख्या नेमून देतो. काम झाले की जर्नलमध्ये नोंद, नोंदीखाली शिक्षकांची सही आणि सह्या पुऱ्या झाल्या की परीक्षेला बसण्याची मुभा. यामागचा मूळ विचार चुकीचा नाही. दंतवैद्यक हे हाताचे काम आहे आणि हात पुनःपुन्हा केल्यानेच बसतो. अडचण अशी, की काम झाले यापलीकडे संख्या काही सांगत नाही. हिरड्यांच्या जुन्या आजाराने खिळखिळा झालेला खालचा पटाशीचा दात फोर्सेप्सने धरताच हातात येतो आणि जर्नलमध्ये एक ओळ घेतो. किडीने हिरडीपर्यंत पोखरलेली, मुळे फाकलेली पहिली दाढ हाडातून सैल करताना तुटून येईल की काय अशी धास्ती असते, आणि तीही जर्नलमध्ये एकच ओळ घेते. सत्र संपत आले असताना विद्यार्थी यांपैकी कोणता रुग्ण शोधत फिरेल, हे सांगायला नको.

मी शिकले तिथे कवळीसाठी रुग्ण मिळवणे हे स्वतंत्र कामच होते. ओपीडीच्या दाराशी उभे राहून दात नसलेल्या आजोबांची वाट पाहायची, ते आले की आधी त्यांच्या जबड्याचा कणा बोटाने चाचपून पाहायचा. कणा उंच आणि भक्कम असेल तर कवळी नीट बसते आणि सही लवकर मिळते, सपाट झालेला असेल तर रुग्ण हळूच दुसऱ्याकडे जातो. बसभाडे स्वतःच्या खिशातून देऊन रुग्णांना परत परत बोलावणारे वर्गमित्र मी पाहिले आहेत. ती मुले वाईट नव्हती, हुशार आणि मायाळू होती. पण ज्यांचा जबडा झिजलेला आहे, ज्यांना कवळीची गरज सर्वांत जास्त आहे आणि ज्यांच्यापासून शिकण्यासारखे सर्वांत जास्त आहे, असे रुग्ण या पद्धतीत कोणालाच नको असतात. शिक्षणाची रचना माणसाला कोणत्या दिशेने ढकलते हे मला तिथे पहिल्यांदा कळले.

दुसरी गोष्ट याहून गंभीर आहे. कोटा विभागवार असल्यामुळे रुग्णाचे तोंडही विभागवार वाटले जाते. हिरड्या एका मजल्यावर, फिलिंग दुसऱ्यावर, दात काढायचा तर तिसरीकडे. प्रत्येक ठिकाणी वेगळा विद्यार्थी आपापली ओळ भरून घेतो. या माणसाच्या तोंडाचे सगळे मिळून काय करायचे, कोणते आधी, कोणते नंतर, काय त्याच्या खिशाला परवडेल आणि काय तसेच ठेवले तरी चालेल, हा विचार पदवी मिळेपर्यंत पूर्णपणे कोणावरच सोपवला जात नाही. गावातल्या दवाखान्यात मात्र पहिल्या सकाळपासून तोच करावा लागतो.

एक प्रसंग सविस्तर सांगते, कारण मला म्हणायचे आहे ते त्यात पुरेसे आले आहे. सत्तरी तालुक्यातल्या एका गावातून एक आजी दाढ दुखते म्हणून आल्या होत्या. माझ्याकडे नव्याने आलेल्या डॉक्टर मुलीने त्यांना खुर्चीत बसवले, दुखणे कधीपासून, रात्री वाढते का, गरम-थंड लागते का, हे व्यवस्थित विचारले, दाढेवर ठोकून पाहिले, एक्स-रे घेतला आणि निदान अचूक केले. दाढ वाचण्यासारखी नव्हती. आजींनीही सांगून टाकले, ‘बाय, काढून टाक ती आणि सोडव मला.’ मुलीने भुलीचे इंजेक्शन भरायला घेतले. मी तिला थांबवले आणि म्हटले, की आजींचे दात बघ, ते काळे पडले आहेत. त्या मशेरी लावतात. मशेरी बोटाने कुठे दाबून ठेवतात तिथे आरसा घाल. तिने खालचा ओठ आणि गाल बाजूला केला. खालच्या हिरडी-गालाच्या खोबणीत, जिथे ती भाजलेली तंबाखू रोज साठते, तिथे अंगठ्याच्या नखाएवढा पांढुरका, सुरकुतलेला चट्टा होता. तिने गॉजने पुसून पाहिले. तो निघाला नाही.

या मुलीला त्या चट्ट्याचे नाव, व्याख्या, प्रकार, सूक्ष्मदर्शकाखाली तो कसा दिसतो, त्यातून कर्करोग होण्याची शक्यता कशावर अवलंबून असते, हे सगळे तोंडपाठ होते. विद्यापीठाच्या परीक्षेत तिने यावर चांगले गुण मिळवले असणार. तिने पाहिले नव्हते एवढेच, कारण दाढेची तक्रार घेऊन आलेल्या रुग्णाचे संपूर्ण तोंड ओठापासून घशापर्यंत ठरलेल्या क्रमाने पाहायचे, ही गोष्ट तिला कोणीतरी शेजारी उभे राहून, ती अंगवळणी पडेपर्यंत करायला लावली नव्हती. त्या कामाचा कोटा नव्हता. आजींना आम्ही बायोप्सीसाठी बांबोळीच्या सरकारी रुग्णालयात पाठवले आणि मशेरी सोडवण्यासाठी त्यांच्या सुनेला विश्वासात घेतले. भारतीय पुरुषांत तोंडाचा कर्करोग सर्वांत जास्त आढळणाऱ्या कर्करोगांत मोडतो, आणि बायकांत मशेरीमुळे तो घराघरांतून लपलेला असतो, कारण मशेरीला कोणी व्यसन म्हणत नाही, दात घासणे म्हणतात.

अमेरिकन वैद्यकशिक्षणतज्ज्ञ जॉर्ज मिलर यांनी १९९० मध्ये विद्यार्थ्याच्या मूल्यमापनासाठी एक चार पायऱ्यांचा मनोरा मांडला. सर्वांत खाली आहे विद्यार्थ्याला माहीत असणे. त्यावर कसे करायचे हे माहीत असणे. त्यावर करून दाखवता येणे. आणि टोकाला, कोणी परीक्षा घेत नसताना रोजच्या कामात ते प्रत्यक्ष करणे. आपल्या लेखी परीक्षा आणि व्हायवा खालच्या दोन पायऱ्यांवर थांबतात. प्रॅक्टिकल तिसरीपर्यंत जाते. चौथी पायरी पाहायची तर शिक्षकाला रुग्णाच्या खुर्चीजवळ, कामाच्या गर्दीत, परीक्षेचा दिवस नसताना उभे राहावे लागते. आजींच्या बाबतीत उणीव होती ती नेमकी तिथे.

क्षमताधिष्ठित शिक्षण म्हणून आज ज्याची चर्चा होते, त्याचा गाभा एवढाच आहे. आधी ठरवायचे, की पदवी घेऊन बाहेर पडणाऱ्या दंतवैद्याला कोणती कामे कोणाच्याही मदतीविना, सुरक्षितपणे करता आली पाहिजेत. मग तिथून मागे येत अभ्यासक्रम आखायचा, आणि विद्यार्थी ते काम करू शकतो याची खात्री पटल्यावरच त्याला पुढे सोडायचे. दंतवैद्यकात डेव्हिड चेंबर्स यांनी १९९३ मध्ये या दिशेने जाण्याची स्पष्ट मांडणी केली आणि त्यानंतर अमेरिकेत व युरोपात पदवीधर दंतवैद्याच्या क्षमतांच्या याद्या तयार झाल्या. परीक्षेच्या बाजूने पाहिले तर स्कॉटलंडमधील डंडी येथे रोनाल्ड हार्डन यांनी १९७५ मध्येच ऑस्की ही पद्धत मांडली होती, ज्यात विद्यार्थी एकामागून एक ठेवलेल्या टेबलांपाशी जातो आणि प्रत्येक ठिकाणी एक नेमके काम करून दाखवतो. सर्वांना तेच काम आणि तपासणीची तीच यादी, त्यामुळे परीक्षकाच्या मर्जीचा भाग कमी होतो.

मला स्वतःला सर्वांत पटलेली मांडणी नेदरलँड्समधल्या ओले टेन काटे यांची आहे. २००५ मध्ये त्यांनी प्रश्न साधा करून टाकला, की हे काम या विद्यार्थ्यावर सोपवता येईल का? पुढे त्याच्या पायऱ्या झाल्या. सुरुवातीला विद्यार्थ्याने फक्त पाहायचे, मग शिक्षक शेजारी असताना करायचे, मग शिक्षक हाकेच्या अंतरावर असताना, मग एकट्याने, आणि शेवटी दुसऱ्याला ते शिकवायचे. प्रत्येक घरात, प्रत्येक कारखान्यात, प्रत्येक होडीवर काम असेच सोपवले जात आले आहे. दवाखान्यात मी नव्या डॉक्टरला पहिल्या दिवशी जे विचारते, तेही हेच असते.

आपल्याकडे एम.बी.बी.एस.साठी २०१९ च्या तुकडीपासून क्षमताधिष्ठित अभ्यासक्रम लागू झाला. त्याचे स्वरूप चांगले आहे. रुग्णाशी बोलणे, नीतिमूल्ये, दृष्टिकोन यांना त्यात स्वतंत्र जागा मिळाली. दंतशिक्षणात १९४८ च्या दंतवैद्य कायद्याने घालून दिलेल्या चौकटीत दीर्घ काळ काम चालले, आणि २०२३ मध्ये संसदेने राष्ट्रीय दंत आयोगाचा कायदा केला. त्या कायद्यात शेवटच्या वर्षासाठी देशभर एकच निर्गमन परीक्षा योजलेली आहे. व्यवसायाचा परवाना आणि पदव्युत्तर प्रवेश दोन्ही तिच्यावर अवलंबून राहतील. याबद्दल मला मनापासून काळजी वाटते. देशात तीनशेहून अधिक दंत महाविद्यालये आहेत आणि त्यांचा दर्जा सारखा नाही, म्हणून एकसमान परीक्षा हवी, हे मान्य. पण परवाना आणि पुढचा प्रवेश हे दोन्ही एकाच कागदी परीक्षेवर टांगले तर मुले त्या परीक्षेचाच अभ्यास करतील. आजही नीट एम.डी.एस. या पदव्युत्तर प्रवेशपरीक्षेच्या तयारीपायी इंटर्नशिपचे वर्ष ग्रंथालयात जाते. म्हणजे जे वर्ष हात पक्का करण्यासाठी ठेवले, तेच पर्याय निवडण्याच्या सरावात संपते. नव्या परीक्षेत हाताच्या कामाची खरीखुरी तपासणी असेल तर ती क्षमतेची परीक्षा होईल. नसेल तर खासगी क्लासेसची आणखी एक पेठ उभी राहील.

अभ्यासक्रमात काय शिकवायचे, यातही हा विचार बदल घडवतो. दुसऱ्या वर्षीच्या सरावाचा मोठा भाग आजही दातात चांदी, म्हणजे ॲमलगम, भरण्यासाठी नेमक्या आकाराचा खड्डा कोरण्यात जातो. हे आकार ग्रीन व्हार्डिमन ब्लॅक यांनी शंभरहून अधिक वर्षांपूर्वी घालून दिले. कीड पुन्हा लागू नये म्हणून आजूबाजूचा निरोगी दातही थोडा कोरून घ्यावा, असे तेव्हाचे तत्त्व होते. दाताला चिकटणारी द्रव्ये आल्यावर त्या तत्त्वाची गरज बरीचशी संपली. पाऱ्याबाबतचा मिनामाता करार २०१३ मध्ये झाला, भारत २०१८ मध्ये त्यात सामील झाला, आणि दंतवैद्यकातला ॲमलगमचा वापर टप्प्याटप्प्याने कमी करणे हा त्या कराराचा भाग आहे. युरोपीय संघाने १ जानेवारी २०२५ पासून अपवाद वगळता ॲमलगम बंदच केले. तरीही तो खड्डा मिलिमीटरच्या हिशेबाने कोरता येणे यावर विद्यार्थ्याचे वर्ष अवलंबून राहते. हाताला वळण लागते, हा त्याचा फायदा मी नाकारत नाही. पण तेच वळण आज लागणाऱ्या कामातून लावता येते.

उदाहरण हवे तर टांझानियाचे घ्या. १९८० च्या दशकात तिथे, वीज आणि दाताचे यंत्र नसलेल्या ठिकाणी, फक्त हाताच्या अवजारांनी मऊ झालेली कीड खरवडून काढून त्या जागी ग्लास आयनोमर सिमेंट भरण्याची पद्धत विकसित झाली. भूल बहुतेक वेळा लागत नाही, यंत्राचा आवाज नाही, त्यामुळे मुले घाबरत नाहीत, आणि सिमेंटमधून फ्लोराइड झिरपत राहते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये हे सिमेंट, फ्लोराइडची टूथपेस्ट आणि कीड थांबवणारे सिल्व्हर डायमाइन फ्लोराइड यांचा अत्यावश्यक औषधांच्या यादीत समावेश केला. त्याच संघटनेच्या २०२२ च्या अहवालानुसार जगात सुमारे ३५० कोटी लोकांना तोंडाचा कोणता ना कोणता आजार आहे आणि त्यांतले चारपैकी तीन जण मध्यम उत्पन्नाच्या देशांत राहतात. म्हणजे आपल्यासारख्या देशांत. शाळेच्या वर्गात बाकावर झोपवलेल्या सहा वर्षांच्या मुलाची पक्की दाढ वाचवणे हे आपल्या नव्या दंतवैद्याला नक्की आले पाहिजे, असे एकदा ठरले, की दुसऱ्या वर्षाचे वेळापत्रक आपोआप वेगळे दिसू लागेल.

आता अडचणीच्या मुद्द्याकडे येते. अध्यापनात असलेल्या स्नेह्यांशी बोलताना एम.बी.बी.एस.च्या नव्या अभ्यासक्रमाबद्दल जे ऐकू येते, त्यातले निम्मे वहीबद्दल असते. क्षमतांची यादी लांबलचक, प्रत्येक क्षमतेसमोर रकाने, रकान्यात तारीख, तारखेपुढे सही. सत्राच्या शेवटी विद्यार्थी वह्यांचा गठ्ठा घेऊन उभे, आणि शिक्षक एका बैठकीत सगळ्यांवर सह्या करून मोकळे. म्हणजे जर्नल गेले आणि लॉगबुक आले. जुन्या पद्धतीत निदान काम किती झाले हे तरी कळत असे. यात तेही कळेनासे होते. दंतशिक्षणात बदल होताना हे टाळता आले नाही तर सगळी मेहनत वाया जाईल, असे मला ठामपणे वाटते.

कारण या सुधारणेत सर्वांत महाग वस्तू शिक्षकाचे पाहणे हीच आहे. विद्यार्थी भूल देतो आहे. सुई आत गेल्यावर त्याने पिस्टन किंचित मागे ओढून रक्त येते का ते पाहिले का, औषध सावकाश सोडले का, अर्धा ओठ बधिर झाल्याची खात्री केली का, की घड्याळ बघून फोर्सेप्स उचलला? रुग्ण ॲस्पिरिन घेतो असे कळल्यावर त्याने काय केले? एका दाढेसाठी ॲस्पिरिन बंद करायची गरज सहसा नसते, उलट मनानेच ती थांबवण्याचा धोका मोठा, हे त्याला माहीत आहे का आणि ते त्याने रुग्णाला समजेल असे सांगितले का? रक्त थांबल्याची खात्री केल्याशिवाय रुग्णाला खुर्चीवरून उठवले का? यांतली एकही गोष्ट नंतर जर्नल वाचून कळत नाही. काढलेली दाढ ट्रेमध्ये सारखीच दिसते. हे पाहायला शिक्षकाला दहा मिनिटे खुर्चीशेजारी थांबावे लागते, आणि त्यानंतर आणखी दोन मिनिटे विद्यार्थ्याशी बोलावे लागते, की हे छान झाले, हे असे करू नकोस, पुढच्या वेळी आधी ते विचार.

गोव्यात संगीत शिकलेल्या घरांत हे समजावून सांगावे लागत नाही. शिष्याने पलटे किती वेळा घोटले हे गुरू मोजत नाहीत. समोर बसवून ऐकतात, स्वर कुठे हलला ते तिथेच थांबवून सांगतात, आणि मैफलीत गाऊ द्यायचे की नाही हे त्या ऐकण्यावरून ठरते.

महाविद्यालयांची रचना मात्र या पाहण्याच्या उलट्या बाजूला झुकलेली आहे. तपासणीला आलेले पथक खुर्च्या मोजते, चौरस फूट मोजते, शिक्षकांची हजेरी मोजते. शिक्षकाच्या पदोन्नतीत शोधनिबंधांना वजन आहे, खुर्चीशेजारच्या दहा मिनिटांना नाही. गरीब देशात सुधारणा म्हटली की इमारत, आयात केलेली सराव-यंत्रे, संगणकी प्रयोगशाळा यांवर आधी पैसा जातो, कारण त्या दिसतात आणि त्यांचे उद्घाटन करता येते. सराव-यंत्रे उपयोगाची आहेत, रुग्णाच्या आधी कृत्रिम दातावर चुकणे केव्हाही चांगले. पण यंत्र घेण्याआधी शिक्षकाच्या आठवड्यातले काही तास फक्त निरीक्षणासाठी राखून ठेवले, त्या तासांत त्याच्यावर दुसरे काही लादले नाही, आणि त्याने विद्यार्थ्यांना दिलेल्या अभिप्रायांची पदोन्नतीत दखल घेतली, तर कमी खर्चात जास्त फरक पडेल. शिक्षकांनाही हे शिकावे लागेल. उत्तम दात काढणारा माणूस उत्तम निरीक्षक असतोच असे नाही, आणि दोन शिक्षकांनी एकाच विद्यार्थ्याला पाहून दोन टोकांची मते देणे ही आपल्याकडची रोजची गोष्ट आहे. त्यांनी एकत्र बसून, एकाच विद्यार्थ्याचे काम पाहून, आपापले मत का वेगळे पडले यावर बोलण्याचा सराव केला पाहिजे.

वेळेचाही प्रश्न आहे, आणि तो अवघड आहे. आपल्या विद्यापीठांत वेळ ठरलेला असतो आणि शिकणे कमी-जास्त होते. क्षमतेच्या विचारात शिकणे ठरलेले असते आणि वेळ कमी-जास्त व्हायला हवा. एखाद्याचा हात लवकर बसतो, एखाद्याला दुप्पट दिवस लागतात आणि पुढे तोच अधिक सावध दंतवैद्य होतो. परीक्षेच्या तारखा, शुल्क, वसतिगृह, इंटर्नशिपची सुरुवात हे सगळे सर्वांसाठी एकाच दिवशी बांधलेले असताना हे पूर्णपणे पाळणे आज शक्य नाही. पण वर्षाच्या आत लवचीकपणा ठेवता येतो. ज्याला एकट्याने काम करण्याची परवानगी मिळाली त्याला अवघड रुग्ण द्यावेत. ज्याला मिळाली नाही त्याने शिक्षकांच्या नजरेखालीच राहावे, आणि उरलेला भाग इंटर्नशिपमध्ये, नाव घेऊन, नेमका पुरा करावा. त्याला कमीपणा समजू नये, यासाठी शिक्षकांनी विशेष जपावे लागेल, कारण आपल्या समाजात मागे राहणे आणि नापास होणे यांत कोणी फरक करत नाही.

हे सगळे गोव्यात करून पाहता येईल असे मला वाटते. १९८० मध्ये सुरू झालेले गोवा दंत महाविद्यालय बांबोळीला गोमेकॉच्या, म्हणजे गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या, शेजारी आहे आणि राज्यात दंत महाविद्यालय तेवढे एकच आहे. उत्तरेकडच्या पत्रादेवीपासून दक्षिणेकडच्या पोळ्यापर्यंत गोव्याची लांबी शंभर किलोमीटरच्या आसपास. वाळपई, साखळी, पेडणे, काणकोण इथली आरोग्य केंद्रे बांबोळीहून सकाळी निघून गाठता येतात आणि संध्याकाळी परतता येते. मोठ्या राज्यांत जे डझनावारी संस्थांना, वेगवेगळ्या विद्यापीठांना आणि मालकांना एका विचारावर आणूनच करावे लागते, ते इथे एका टेबलाभोवती बसणाऱ्या माणसांत ठरू शकते. शिवाय इथल्या रुग्णांत शिकण्यासारखे पुष्कळ आहे. राज्यात वृद्धांचे प्रमाण देशाच्या सरासरीहून जास्त आहे, म्हणजे मधुमेह, रक्तदाब, हृदयविकाराच्या गोळ्या घेणारे रुग्ण खुर्चीत रोज बसणार. किनाऱ्यावर आणि औद्योगिक वसाहतींत कर्नाटक, ओडिशा, झारखंडहून आलेले कामगार आहेत, गुटखा-सुपारीने ज्यांचे तोंड पुरते उघडतही नाही. एकाच सकाळी कोकणी, मराठी, हिंदी आणि कन्नड बोलणाऱ्या चार माणसांना तंबाखू सोडण्याबद्दल पटेल असे सांगता येणे, हे मी क्षमतांच्या यादीत रूट कॅनालच्या बरोबरीने ठेवीन.

यादी मात्र लहान असावी. शंभर क्षमतांच्या यादीवर शंभर खोट्या सह्या होतात. ही पद्धत सुरू करताना पहिल्या वर्षी तीनच कामे घ्यावीत असे मी सुचवेन. रुग्णाचे संपूर्ण तोंड क्रमाने तपासणे. दुखणाऱ्या दाढेवर त्याच दिवशी योग्य तो इलाज करणे, मग तो दाढ काढण्याचा असो वा वाचवण्याचा. आणि लहान मुलाची कीड लागलेली दाढ हाताच्या अवजारांनी साफ करून भरणे. पहिल्या कामाला आरसा, गॉजचे तुकडे, हातमोजे आणि चांगला उजेड एवढेच लागते: ओठ, दोन्ही गाल, हिरडी-गालाची खोबणी, जीभ गॉजने धरून दोन्ही कडा, जिभेखाली, टाळू, घशाची कमान, शेवटी मानेतल्या गाठी. शिक्षकांनी बांबोळीच्या ओपीडीत शेजारी उभे राहून हे पाहावे आणि विद्यार्थी तयार वाटला तर त्याला तालुक्याच्या आरोग्य केंद्रात पाठवावे. तिथे नेमणुकीवर असलेल्या दंतवैद्याने स्वतंत्रपणे तेच काम पाहावे, या कामाबद्दल त्याला मानधन आणि महाविद्यालयाच्या नोंदींत शिक्षकाचे स्थान मिळावे. दोघांचे मत जुळले तरच त्या कामापुढे सही व्हावी. जुळले नाही तर दोघांनी एकमेकांशी बोलून, त्याच आठवड्यात विद्यार्थ्याला दुसऱ्या रुग्णावर पुन्हा पाहावे.